ईलिंगमध्ये बारा कधी वाजतात?



गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, बिरड्याचा रोजा रविवारी ३ ऑगस्टला आला. (तिशा बेआवला आपण बिरड्याचा रोजा म्हणतो, कारण रोजा सोडताना वालाचं बिरडं करायची आपली रीत. इथे वाढलेल्या मुलांना हे सांगावं लागतं म्हणून लिहिलं.) ईलिंगमधली आम्ही चार-पाच घरं त्या दिवशी नानांकडे जमलो होतो. रिवाजाप्रमाणे सगळे खाली सतरंजीवर बसलेले. दुपार होईपर्यंत खुर्चीवर बसायचं नाही, दुपार झाली की बसायला हरकत नाही. नानांचं वय ८४, दोन्ही गुडघे दुखरे. त्यामुळे घड्याळात बारा वाजले तशी त्यांची नात उठली आणि खुर्ची पुढे सरकवून म्हणाली, "आजोबा, बारा वाजले. आता वर बसा."

नाना म्हणाले, "बारा तुझ्या घड्याळात वाजले गं. दुपार कुठे झालीय?"

आम्हाला वाटलं, म्हातारपणचा हट्ट. नातीनं फोन काढून त्यातलं हिब्रू कॅलेंडर पाहिलं. हात्सोत, म्हणजे दिवसाचा मध्य, त्या दिवशी लंडनमध्ये १ वाजून गेल्यावर होता. ईलिंगचा हिशेब केला तर १ वाजून ७ मिनिटं. नाना गालातल्या गालात हसले आणि सतरंजीवरच बसून राहिले, आणखी सदुसष्ट मिनिटं. आम्ही सगळे तरणेताठे मुकाट्यानं त्यांच्याबरोबर बसलो. वर बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "भिंतीवर एक रेघ असती तर फोनला विचारावं लागलं नसतं."

त्या रेघेच्या मागे लागून आम्हाला जे कळलं ते आपल्या वाचकांना सांगावं, म्हणून हा लेख.

उन्हाचे बारा

खरी दुपार म्हणजे सूर्य आपल्या गावाच्या बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर येतो आणि दिवसातला सर्वांत उंच असतो तो क्षण. त्या वेळी उभ्या काठीची सावली सर्वांत आखूड होते आणि ईलिंगमध्ये ती नेमकी उत्तरेकडे पडते. ही दुपार आणि घड्याळाचे बारा यांत तीन गोष्टी आड येतात.

पहिली, उन्हाळ्यात इथे घड्याळ एक तास पुढे करतात. दुसरी, इथलं घड्याळ ग्रिनिचच्या रेषेवर लावलेलं आहे आणि ईलिंग त्या रेषेच्या थोडं पश्चिमेला आहे. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. ईलिंग एक तृतीयांश अंशापेक्षा थोडं कमी पश्चिमेला, म्हणून इथे दुपार ग्रिनिचनंतर सव्वा मिनिटानं होते. तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. सूर्य स्वतःच घड्याळासारखा एका चालीनं चालत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कधी वेगानं जाते, कधी सावकाश, आणि तिचा आसही कललेला आहे. त्यामुळे फेब्रुवारीच्या ११ तारखेच्या सुमारास सूर्य घड्याळाच्या १४ मिनिटं मागे पडतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे जातो. वर्षातून चारदा, १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास, दोघांचं जमतं.

३ ऑगस्टला सूर्य सहा मिनिटं मागे होता. एक तास, सव्वा मिनिट आणि सहा मिनिटं यांची बेरीज केली की नानांचे १ वाजून ७ मिनिटं बरोबर येतात.

मुंबई टाइम आणि रेल्वे टाइम

नानांना हे कसं माहीत? आम्ही विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, मी दोन टाइमांत वाढलोय." नानांचं बालपण अलिबागकडचं, शाळा मुंबईची. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानचा स्टँडर्ड टाइम सुरू झाला, पण मुंबईनं तो सहजासहजी घेतला नाही. शहरात 'मुंबई टाइम' चालूच राहिला, स्टँडर्ड टाइमपेक्षा ३९ मिनिटं मागे, आणि तो १९५५ पर्यंत टिकला. तेव्हा नाना १४ वर्षांचे. "गाडी पकडायची ती स्टँडर्डनं, आणि वडील जेवायला बसणार ते मुंबई टाइमनं. आई दोन्हीला विचारायची नाही. गावाकडे असताना ती उंबऱ्यावर सावली कुठे आलीय ते बघायची."

मुंबई टाइम म्हणजे मुंबईच्या उन्हाचा सरासरी वेळ. त्यांच्या वडिलांच्या पिढीनं तो का धरून ठेवला असेल ते आता आम्हाला उमगलं. आजही मुंबई-अलिबागला घड्याळात बारा वाजतात तेव्हा खरी दुपार झालेली नसते. ती नोव्हेंबरात १२ वाजून २२ मिनिटांच्या आसपास आणि फेब्रुवारीत जवळजवळ १२ वाजून ५३ मिनिटांनी होते.

इथे इंग्लंडातही असंच घडलेलं आहे, आणि त्यात आपल्या ईलिंगच्या स्टेशनाचा वाटा आहे. ईलिंगचं स्टेशन १८३८ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर सुरू झालं. तोवर प्रत्येक गाव आपापल्या उन्हाचे बारा पाळत होतं. ब्रिस्टॉलची दुपार लंडनच्या दहा मिनिटांनंतर होते, मग गाडीचं वेळापत्रक लावायचं कसं? म्हणून १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्ननं आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनचा टाइम लावला. कायद्यानं देशभर एकच वेळ व्हायला मात्र १८८० साल उजाडलं. ब्रिस्टॉलच्या कॉर्न एक्स्चेंजवरच्या घड्याळाला अजून दोन मिनिटकाटे आहेत, एक तिथला आणि एक लंडनचा. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आमचा मुंबईकरांचाच भाऊ!"

पुढे विल्यम विलेट नावाच्या बिल्डरनं घड्याळ उन्हाळ्यात पुढे करायची कल्पना काढली. १९०७ मध्ये त्यानं त्यावर पुस्तिका छापली. तो १९१५ साली वारला आणि १९१६ मध्ये त्याची कल्पना कायदा झाली. लंडनच्या दक्षिणेला पेट्स वुडमध्ये त्याच्या स्मारकावर सूर्यघड्याळ आहे आणि ते उन्हाळी वेळ दाखवतं. उन्हालाही एक तास पुढे ढकलणारं हे घड्याळ पाहून आमच्यातल्या मुलांना फार मजा वाटली.

ब्रिक लेनची भिंत

इंग्लंडात चर्चच्या, कॉलेजच्या, जुन्या इमारतींच्या भिंतींवर सूर्यघड्याळं पुष्कळ दिसतात. घड्याळं आली तरी ती काढली नाहीत, कारण घड्याळं बिघडायची, मागेपुढे व्हायची आणि ती लावायला भिंतीवरच्या सावलीकडेच बघायला लागायचं. आम्हाला मात्र एकच सूर्यघड्याळ पाहायचं होतं, ब्रिक लेनचं. नानाही हट्टानं आले. ऑगस्टातल्या एका रविवारी ईलिंग ब्रॉडवेहून एलिझाबेथ लाइननं लिव्हरपूल स्ट्रीटला उतरलो आणि नानांच्या चालीनं हळूहळू फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पोचलो.

ती विटांची इमारत १७४३ साली फ्रान्सहून पळून आलेल्या ह्यूगनॉट लोकांनी चर्च म्हणून बांधली. फोर्निए स्ट्रीटच्या बाजूला उंचावर सूर्यघड्याळ आहे, त्यावर १७४३ हे साल आहे आणि लॅटिनमध्ये दोन शब्द. त्यांचा अर्थ, आपण सावलीच आहोत. ह्यूगनॉट पांगले. १८०९ मध्ये ती जागा यहुद्यांना ख्रिस्ती करण्यासाठी निघालेल्या एका सोसायटीनं घेतली. त्यांना फारसं यश आलं नाही. १८१९ पासून मेथडिस्टांचं चॅपल झालं. मग रशिया-पोलंडकडून आपले यहुदी लोक आले आणि १८९८ च्या सुमारास तिथे माहझिके हादाथ हे मोठं सिनेगॉग उभं राहिलं. त्यांचीही मुलं शिकून-सवरून दुसरीकडे राहायला गेली. १९७६ पासून ती इमारत बांगलादेशी मंडळींची मशीद आहे.

नानांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आमची आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायची." खरं आहे. मुंबईत १७९६ साली स्थापन झालेल्या आपल्या शाआर हारहामीमला लोक 'जुनी मशीद' म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. एवढ्या लांब येऊन भिंतीवर आपलाच शब्द भेटावा तसं आम्हाला झालं.

सावली मात्र दिसली नाही. आकाश गच्च भरलेलं. ईलिंगहून निघताना ऊन होतं, पण लंडनच्या उन्हाचा काय भरवसा! शेजारच्या दुकानातून बेगल घेऊन खाल्ले आणि परत आलो. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. चार जमाती आल्या, तिघी गेल्या, प्रत्येकीची प्रार्थना वेगळी, सणवार वेगळे. भिंतीवरचे बारा कुणालाही बदलावे लागले नाहीत.

रेघ सरळ खाली

भिंतीवरचं सूर्यघड्याळ चालतं कसं ते थोडक्यात सांगतो. भिंतीतून एक सळई तिरपी बाहेर काढलेली असते. ती पृथ्वीच्या आसाला समांतर हवी. ईलिंगमध्ये भिंत बरोबर दक्षिणेला तोंड करून असेल तर सळई आणि भिंत यांत साडेअडतीस अंशांचा कोन येतो. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून सावली डावीकडे. संध्याकाळी उजवीकडे. म्हणजे आकडे आपल्या घड्याळाच्या उलटे, डावीकडून खाली आणि मग उजवीकडे चढत जातात.

भिंत जर थोडी पूर्वेला किंवा पश्चिमेला वळलेली असेल तर नऊची, दहाची, तीनची रेघ सगळ्या सरकतात, एका बाजूला दाटतात, दुसऱ्या बाजूला फाकतात. कारागिराला प्रत्येक भिंतीसाठी वेगळा हिशेब मांडावा लागतो. फक्त बाराची रेघ तशीच राहते. भिंतीवर दुपारचं ऊन पडतंय ना, मग ती कुठेही वळलेली असो, बाराची रेघ ओळंब्यात सरळ खाली. कारण दुपारी सूर्य आणि सळई दोन्ही एकाच उभ्या दक्षिणोत्तर पातळीत असतात, आणि उभी पातळी उभ्या भिंतीला भेटते ती उभ्या रेघेतच.

म्हणूनच कित्येक ठिकाणी लोक पूर्ण सूर्यघड्याळ करतच नसत. भिंतीवर एक खिळा आणि त्याखाली दुपारची एक रेघ, बस. गावाचं काम त्यावर भागायचं.

आपल्या तेफिलांची वेळ

आपल्याला तर हे परकं नकोच वाटायला. हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा आहाजच्या पायऱ्यांवरची सावली दहा पायऱ्या मागे गेली, हे यशयाच्या आणि राजांच्या पुस्तकात आपण वाचतोच. आपल्या तेफिलांचे तासही उन्हाचे. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत त्याचे बारा भाग करायचे, सहा भाग संपले की हात्सोत, आणि त्यानंतर अर्धा भाग गेला की मिनहाची वेळ सुरू. कोकणात हे सोपं होतं. तिथला दिवस अकरा तासांपासून सव्वातेरा तासांपर्यंत, म्हणजे एक भाग ५५ ते ६६ मिनिटांचा, साधारण घड्याळाचा तासच. ईलिंगमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, एक भाग ३९ मिनिटांचा. जूनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा, एक भाग ८३ मिनिटांचा. शब्बाथच्या बत्त्या डिसेंबरात दुपारी चारच्या आधी लावतो आणि जूनमध्ये रात्री नऊनंतर. नवीन आलेल्या आपल्या बायकांची पहिल्या वर्षी किती धांदल उडते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण दिवस आखडो की पसरो, त्याचा मध्य सूर्य डोंगरमाथ्यासारखा जिथे चढतो तिथेच राहतो.

जेरुसलेमला गेलेल्या वाचकांनी याफो रस्त्यावर, महाने येहुदा बाजाराजवळ, झोहारे हामा सिनेगॉगच्या उंच भिंतीवरचं सूर्यघड्याळ पाहिलं असेल. ते १९०८ साली मोशे शापिरो यांनी बनवलं. खगोलशास्त्र ते स्वतःच शिकले होते. घड्याळाची रुंदी जवळजवळ पाच मीटर. सूर्योदयाला तेफिला करणाऱ्यांना आणि शब्बाथच्या बत्त्यांची वेळ पाहणाऱ्यांना ते उपयोगी पडायचं. आमच्यापैकी काही जण त्याच्याखालून भाजीच्या पिशव्या घेऊन कितीदा गेले असतील, वर कधी पाहिलं नाही!

नानांचे तीन ठिपके

नानांच्या घरामागच्या बागेत दक्षिणेकडे तोंड केलेली विटांची भिंत आहे. नातीनं तिच्यात दहा सेंटिमीटर बाहेर राहील असा खिळा ठोकला. १ सप्टेंबरला ऊन होतं. १ वाजून १ मिनिटाला खिळ्याच्या टोकाची सावली जिथे पडली तिथे तिनं खडूचा ठिपका दिला, खिळ्याच्या साडेदहा सेंटिमीटर खाली.

मग घड्याळं मागे गेली. ३ नोव्हेंबरला ठिपका द्यायची वेळ आली ११ वाजून ४५ मिनिटांनी. नातीला पटेना. "आजोबा, गेल्या वेळी दुपारचा एक वाजला होता आणि आता सकाळचे पावणेबारा? हा ठिपका भलतीकडेच जाणार." नाना म्हणाले, "दे तर खरं." सूर्य खाली उतरला होता, त्यामुळे सावली भिंतीवर वर चढली होती, खिळ्याखाली जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर. दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला. दोन्ही ठिपके दोरीवर!

तिसरा ठिपका या वर्षी ११ फेब्रुवारीला, १२ वाजून १५ मिनिटांनी. तोही दोरीवर, नोव्हेंबरच्या ठिपक्याला जवळजवळ चिकटून. घड्याळात तीन वेगळ्या वेळा आणि भिंतीवर एकच दुपार. त्या दिवशी नातीनं पट्टी धरून रंगानं रेघ ओढली. नाना थंडीत शाल पांघरून दारात उभे होते.

ही रेघ बघताना त्यांना अलिबाग आठवलं. तिथे मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावलीच नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा, पण तेव्हा पावसामुळे दिसत नाही. ईलिंगमध्ये सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. अगदी जूनमध्येसुद्धा एक मीटर काठीची दुपारची सावली अर्ध्या मीटरहून मोठी, आणि डिसेंबरात पावणेचार मीटरच्या जवळ. "इथे आलो तेव्हापासून सावली पाठ सोडत नाही," नाना म्हणाले. हसत म्हणाले, पण आम्ही कुणी हसलो नाही.

कारण आता घर विकायचं ठरलं आहे. जिना चढवत नाही, बाग आवरत नाही. नाना मुलीकडे राहायला जातील. नातीला रेघेचं फार वाईट वाटलं. एवढ्या सहा महिन्यांची मेहनत, आणि नवीन माणसं येऊन पुसून टाकतील. नाना म्हणाले, "राहू दे. ब्रिक लेनवाल्यांनी कुठे नेलं आपलं घड्याळ? पुसली तर पुसली, नाही पुसली तर त्यांना दुपार कळेल. तू खिळा आणि दोरी घे. मुलीकडेही दक्षिणेची भिंत आहे."

वाचकहो, आपल्या घरी दक्षिणेची भिंत किंवा दुपारी ऊन येणारी खिडकी असेल तर आपणही करून पाहा. खिडकीच्या काचेवर छोटी टिकली चिकटवून समोरच्या भिंतीवर तिची सावली टिपली तरी चालते. ईलिंग आणि आसपासच्या मंडळींसाठी तारखा पुन्हा देतो: १५ एप्रिल, १३ जून आणि १ सप्टेंबरच्या सुमारास खरी दुपार घड्याळात १ वाजून १ मिनिटाला, ३ नोव्हेंबरला ११ वाजून ४५ मिनिटांनी, ११ फेब्रुवारीला १२ वाजून १५ मिनिटांनी. रोजा आणि तेफिलांच्या बाबतीत आपल्या हाजानसाहेबांना विचारूनच चालावं. आणि ज्या वडीलधाऱ्यांना मुंबई टाइमचे दिवस आठवतात त्यांनी आपल्या आठवणी जरूर लिहून पाठवाव्यात. ती माणसं आता थोडीच उरली आहेत.

पुढच्या बिरड्याच्या रोजाला आम्ही नानांच्या मुलीकडे जमणार आहोत. या खेपेला त्यांना वर बसवायची घाई कुणी करणार नाही.